हुकमाचे ताबेदार

चहात साखर किती घालायची हेसुद्धा ज्याला घरात कोणी विचारत नाही, त्याने ‘माउंट अँड ब्लेड: वॉरबँड’ खेळावा. अंकाराच्या टेलवर्ल्ड्स या तुर्की कंपनीने २०१० साली काढलेला हा गेम. कॅलरेडिया नावाचा काल्पनिक मध्ययुगीन मुलूख, एकमेकांच्या उरावर बसलेली सहा राज्यं आणि घोड्यावर आपण. साध्या शिपायांच्या हातात काय असावं ते गेमच ठरवतो. पण गुत्त्यांमधून गोळा केलेल्या खास साथीदारांना चिलखत, घोडा, हत्यारं सगळं आपण द्यायचं. हत्यारांसाठी माणशी चारच कप्पे. ढाल त्यातच आणि बाणांचे भातेही त्यातच. शिवाय हे साथीदार मरत नाहीत, फक्त बेशुद्ध पडतात. म्हणजे प्रयोगाला पूर्ण मुभा.

लढाईत त्यांना कॉम्प्युटर चालवतो. तेव्हा हत्यार माझं, अक्कल त्याची, अशी सरळ वाटणी मी गृहीत धरली.

वाटाड्या बोर्चाला मी सगळ्यात महागडा क्रॉसबो दिला. वेढ्यासाठी बनवलेला, चांगला दांडगा. बाण कमी पडायला नकोत म्हणून उरलेल्या तिन्ही कप्प्यांत भाते. बुडाखाली उमदा घोडा. हा क्रॉसबो घोड्यावर बसून पुन्हा भरता येत नाही, असं त्याच्या माहितीत लिहिलेलं असतं. मी किंमत वाचली होती. लढाई सुरू झाली. बोर्चाने एक बाण सोडला, तो झाडाला लागला. मग उरलेला सगळा साठा अंगावर वागवत तो शत्रूच्या घोळक्यात शिरला आणि भालाइतांना बुक्क्या मारू लागला. बुक्क्या जोरदार होत्या, हे इथे नमूद करतो.

व्यापारी मार्निडला लांबच लांब भाला दिला. शत्रू जवळच येऊ नये, हा विचार. मोकळ्या माळावर तो खपूनही गेला असता. पण आम्ही सहा राज्यांपैकी एकाच्या, रोडोकांच्या, किल्ल्याला वेढा घातला आणि तिथे सगळ्यांनी एकाच शिडीवरून चढायचं. तटावर पोचल्यावर मार्निड भाला फिरवू लागला, तो सकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये कोणी छत्री उघडावी तसा. समोरचा इतका खेटून उभा की भाल्याचं टोक त्याच्या पाठीमागे. दोन्ही हात भाल्यात गुंतलेले, त्यामुळे ढाल पाठीवर. पाठीवरची ढालही बाण अडवते, फक्त त्यासाठी शत्रूला पाठ दाखवावी लागते. मार्निड बाणेदार निघाला. रोडोकांचे क्रॉसबोवाले नावाजलेले, त्यांनी त्याच्या बाणेदारपणात जमेल तेवढी भर घातली.

जेरेमस हा आमचा वैद्य. वैद्याने रक्त सांडू नये म्हणून त्याच्या हाती गदा दिली. बोथट हत्याराचा मार बसलेला माणूस मरत नाही, बेशुद्ध पडतो. बेशुद्ध पडलेला शत्रू कैदी होतो. आणि कैदी घ्यायला गुत्त्यात एक दलाल रोकडा घेऊन बसलेला असतो. पथकात सगळ्यात जास्त कमाई वैद्यबुवांची झाली. ते माणसं पाडायचे, मी विकायचो. तत्त्वाला चिकटून राहिलं की उत्पन्न आपोआप सुरू होतं, ते असं.

माझी तक्रार आहे ती कॉम्प्युटरच्या स्वभावाबद्दल. हाडामासाचा शिपाई असता तर “साहेब, तलवार राहिली” असं म्हणाला असता. निदान मागे दोन शिव्या तरी घातल्या असत्या. हा मुकाट्याने निघतो. दिलेल्या हत्यारांतून लांबच्याला धनुष्य आणि जवळच्याला तलवार, अशी निवड तो बरोबर करतो. न दिलेल्यांतून करत नाही. एवढा आज्ञाधारकपणा म्हणजे वरिष्ठाची चारचौघांत बदनामी.

शेवटी सुट्टीला आलेल्या भाच्याने माउस हातात घेतला. पायी लढणाऱ्यांना एकहाती तलवार आणि ढाल, घोडेस्वारांना भाला आणि सोबत तलवार. पाच मिनिटांत काम आटोपलं.

“मामा, किंमत बघून देऊ नकोस रे. एक कप्पा तरी तलवारीला ठेव.”

“आणि वैद्य?”

“त्याला हात लावू नको. तुझं तेवढं एकच बरोबर आहे.”

पुढच्या लढाईत मी सगळ्यांच्या पुढे घोडा काढला आणि सगळ्यांच्या आधी पडलो. पडद्यावर पर्याय आला: तुमच्याशिवाय हल्ला करायला सांगायचं का? सांगितलं. ते जिंकले. माझ्याशिवाय जिंकले आणि तेही फारशी पडझड न होता, हे मला अजिबात आवडलं नाही.

मग लुटीची यादी उघडली. तीत दोन्ही हातांनी पेलायची एक कुऱ्हाड होती. काय पातं होतं! किंमत तर विचारूच नका. भाचा पाणी प्यायला आत गेला होता. तो यायच्या आत मी वैद्यबुवांची गदा काढून घेतली.