सात रुपयांचा महाग शेअर

मराठी माणूस भाजीवाल्याला पिशवीचा भाव विचारत नाही, किलोचा विचारतो आणि वर दोन मिरच्या मागून घेतो. शेअर घेताना मात्र हाच माणूस तराजू घरी ठेवून निघतो. १३ जून २०२३ रोजी एमआरएफचा शेअर एक लाखावर गेला, तेव्हा ‘केवढा महाग!’ म्हणून त्याचे डोळे पांढरे झाले. २०२५ मध्ये व्होडाफोन आयडिया सात रुपयांना मिळतोय म्हटल्यावर ‘सातच ना? टाका हजारभर’ म्हणून तो मोकळा झाला. माझं म्हणणं असं, की शेअरचा नुसता भाव हा कंपनीबद्दलचा सर्वांत मुका आकडा आहे. त्याच्याकडून काही वदवून घ्यायचं तर गणित करावं लागतं, आणि तेही चौथीतलं.

एमआरएफचे एकूण शेअर जेमतेम ४२.४ लाख. लाखाच्या भावाने अख्ख्या कंपनीची किंमत, म्हणजे मार्केट कॅप, सुमारे ४२,४०० कोटी. एप्रिल २०२५ मध्ये सरकारने थकबाकीपोटी शेअर पदरात पाडून घेतल्यावर व्होडाफोन आयडियाचे शेअर झाले दहा हजार कोटींहून जास्त. सातने गुणा, सत्तर हजार कोटींच्या पुढे जाल. म्हणजे चिल्लर दिसणारी कंपनीच दीडपटीहून महाग! आता कंपनीच्या किमतीला वर्षाच्या नफ्याने भागलं की पीई निघतो. एमआरएफचा २०२२-२३ चा नफा सुमारे ७६९ कोटी, म्हणून लाखाच्या भावाला पीई ५५. पुढल्या वर्षी नफा २,०८१ कोटी झाला. त्याच लाखाला पीई वीस. आणि व्होडाफोन आयडियाचा? कंपनी तेव्हा तोट्यात होती, त्यामुळे भागायला नफाच नव्हता.

‘मग कमी पीईचा शेअर घ्यावा, संपलं!’ असं कुणी म्हणेल. संपत नाही. वरच्याच उदाहरणात एका वर्षात नफा जवळजवळ तिप्पट झाला. तो तसाच खालीही येऊ शकतो, आणि मग स्वस्त वाटलेला पीई रातोरात महाग होतो. तसंच मालकांच्या भांडवलावरचा परतावा, म्हणजे आरओई, भरघोस दिसला तर कर्ज पाहावं. मालकाचे पैसे थोडे आणि उसने पुष्कळ असले तरी तो फुगतो. बँकेला मात्र हा नियम जसाच्या तसा लावू नये, तिचा धंदाच उसन्या पैशांवर चालतो.

‘पण तीन रुपयांचा एलसिड लाखांत गेलाच की!’ गेला. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी, ३.५३ रुपयांवरून थेट २,३६,२५० वर. परंतु एलसिडकडे एशियन पेंट्सचे शेअर होते आणि तिची बुक व्हॅल्यू, म्हणजे देणी वजा जाता उरणारी मालमत्ता, शेअरमागे पाच लाखांच्या वर होती. ते ठाऊक असणारा कुणी तीन रुपयांना विकेना, म्हणून शेवटी बाजाराला भाव शोधायला खास लिलाव भरवावा लागला. गंमत अशी, की सदुसष्ट हजार पटींनी चढूनही तो बुक व्हॅल्यूच्या निम्म्याखालीच राहिला. इथे कमी भावाचा विजय झाला नाही, भागाकाराचा झाला.

सर्वांत वजनदार आक्षेप सत्यम कॉम्प्युटर्सचा. आकडेच खोटे असले तर? ७ जानेवारी २००९ रोजी तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी कबुली दिली, की ताळेबंदातल्या ५,३६१ कोटींच्या रोकडीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. काही महिन्यांपूर्वी याच कंपनीला उत्तम कारभाराबद्दल पुरस्कार मिळाला होता! म्हणून तर एका आकड्यावर विसंबू नये. कागदावरच्या नफ्याबरोबर धंद्यातून हाती आलेली रोकड जुळते का, हे पाहावं. सत्यममध्ये रोकडही बनावट होती, तेव्हा हा उपायसुद्धा रामबाण नाही, हे मान्य. पण ताळेबंद सोडला तर हाती उरते ती फक्त कट्ट्यावरची टिप. तिला ऑडिटर नसतो, आणि ती देणारा पुढे कबुलीपत्रही लिहीत नाही.