हवेचा अनुशेष

लातूर उन्हाळ्यात उंच होतं. लातूरकरांना हे कुणी सांगितलेलं नाही, आणि सांगितलं असतं तरी टँकर कधी येणार या प्रश्नापुढे त्याला कुणी विचारलं नसतं. एरवी हे गाव समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांवर निमूट बसलेलं असतं. पण मे महिन्यातल्या दुपारी पारा 42 अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या इंजिनाला वाटतं आपण साडेपाच हजार फुटांच्याही वर येऊन पोचलो. कळसूबाईचं शिखर 5,400 फुटांचं. म्हणजे डोक्याला रुमाल गुंडाळून उसाचा रस पिणारा लातूरचा माणूस, इंजिनाच्या हिशेबाने, महाराष्ट्राच्या माथ्यावर उभा असतो. वारा मात्र तिथला नसतो.

हा हिशेब मला आमच्या एका स्नेह्यांनी मांडून दाखवला. आम्ही सगळे त्यांना सरच म्हणतो. आयुष्यभर पोरांना इंजिनं शिकवून ते निवृत्त झाले आणि आता स्वतःचं विमान बांधायचं म्हणतात. दोन आसनांचं. दुसरं आसन काकूंसाठी. काकूंनी ‘तुम्ही व्हा पुढं, मी रेल्वेनं येते’ असं आधीच सांगून ठेवलंय. विमानाचा आजवरचा संसार म्हणजे नकाशांची एक गुंडाळी आणि माळ्यावर ठेवलेली प्लायवूडची एकुलती एक बरगडी. इंजिनही अजून यायचंय. पण त्या इंजिनाला टर्बो कोणता लावायचा, यावर सरांची झोप उडालेली असते. बाजारात तुरी म्हणावं, तर लातूरच्या माणसाला ते लागायचंही नाही. इथे सगळा बाजारच तुरीचा.

सरांच्या मनात भरलंय ते माझदाचं रोटरी इंजिन, 13बी. आपल्याकडे माझदा म्हटलं की स्वराज माझदाच आठवते, शाळेची पोरं खचाखच भरून धुरळा उडवत जाणारी. त्याच नावाच्या जपानी कंपनीने आरएक्स-7 नावाच्या देखण्या गाडीत हे इंजिन बसवलं होतं, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आपल्या तलाठ्याने एकेकाळी कथक केलं होतं असं कळावं, तसं झालं. जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांची ही कल्पना. पिस्टनची वरखाली धडपड नाही, व्हॉल्व्हची टकटक नाही. फुगीर बाजूंचा एक त्रिकोण, कमरेत किंचित दबलेल्या खोलीत गोल गोल फिरतो. हवा आत घ्यायची जागा वेगळी, दाबायची वेगळी, पेटवायची वेगळी, धूर सोडायची वेगळी. सर म्हणाले, ‘आपली गंजगोलाईच समजा.’ गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात; एका तोंडाशी सोनं, दुसऱ्याशी गूळ, तिसऱ्याशी मिरची. माणूस फेरी मारत राहतो आणि प्रत्येक वळणावर त्याचं काहीतरी वेगळं होतं. मिरचीच्या तोंडाशी तर ठसका ठरलेला. 13बीमध्ये 654 सीसीचे असे दोन त्रिकोण असतात, आणि ते ज्याला फिरवतात तो एक दांडा. हलणारे मुख्य भाग एवढेच. मोडायला फारसं काही नाही, यातच वैमानिकाला समाधान.

टर्बो म्हणजे फुकट जाणाऱ्या धुरावर चालणारा पंखा. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला वायू एक चक्र फिरवतो आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनाच्या तोंडात भरवतं. हे चक्र मिनिटाला लाखावर फेरे घेतं. छोटा टर्बो घेतला तर तो चटकन जागा होतो, पण जोर लागला की त्याचा घसा आवळतो. मोठा घेतला तर दम लांबचा, पण उठायला आळशी. थ्रॉटल दिल्यावर तो ‘आलोच’ म्हणतो आणि मग येतो. त्यात रोटरीचा धूर भलता कडक. धुराचं दार एकदम उघडतं, आतला जाळ पुरता विझलेला नसतो आणि तसाच टर्बोवर जाऊन आदळतो. मोटारीतला टर्बो घटकाभर जोर लावून विसावतो. विमानाला तासन् तास सत्तर-पंचाहत्तर टक्के ताकदीने चालावं लागतं. मोटारीचा टर्बो विमानाला लावणं म्हणजे कुस्तीगिराला वारीला नेण्यासारखं आहे. ताकद आहे हो, पण चालणं हा वेगळा गुण आहे.

सुरुवातीला सरांचा डोळा मोठ्या दाबावर होता. अश्वशक्तीचे आकडे ते सराफाकडच्या भावासारखे हळू आवाजात सांगत. मग ऑगस्ट 2021 उजाडला. यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत शेख इस्माईल नावाचा तरुण हेलिकॉप्टर बांधत होता. गाव त्याला मुन्ना म्हणे. पत्र्याची, वेल्डिंगची कामं करणारा हात, शाळा आठवीपर्यंत, आणि इंजिन मारुती 800चं. जमिनीवर चाचणी घेताना मागचं पातं तुटलं, मोठ्या पंख्यावर आदळलं आणि त्यात तो गेला. वय चोवीस. सरांनी ते कात्रण वहीत ठेवलं आणि बरेच दिवस टर्बोचं नाव काढलं नाही.

पुन्हा काढलं तेव्हा भाषा बदललेली होती. ‘जास्तीचं काही नको,’ ते म्हणाले, ‘उंचीने जे हिरावलं तेवढंच परत पाहिजे.’ मग त्यांनी सॅनफोर्ड मॉस या अमेरिकन अभियंत्याची गोष्ट सांगितली. 1918 साली मॉस यांनी लिबर्टी हे विमानाचं इंजिन 14 हजार फुटांच्या पाइक्स पीक डोंगरावर नेलं. समुद्रसपाटीला 350 अश्वशक्ती देणारं ते इंजिन वर जाऊन 230 वर आलं. टर्बो लावला, 356 झाले. सहा वर, ते वाटखर्चाचे समजा. मी म्हणालो, सर, हा तर अनुशेष झाला. 1984 साली विकासाच्या अनुशेषाचा अहवाल देणाऱ्या दांडेकर समितीपासून मराठवाडा दुसरं काय मागतोय? सर हसले. इंजिनाला निदान मोजायला मीटर असतो, म्हणाले.

महाराष्ट्रात घरी विमान बांधणं जमलेलं आहे, हाही त्यांचा आधार. पाटण तालुक्यातल्या घराण्यातले कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. 2016 साली ते ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली आणि 2020 साली धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडालं. गच्चीवर लोक पापड वाळत घालतात. तिथे एका माणसाने विमान वाळत घातलं, आणि सोसायटीने ते चालू दिलं. मला त्या सोसायटीचं जास्त कौतुक वाटतं.

टर्बो हाताळून बघायला सर मला एकदा नांदेडला घेऊन गेले. वाटेत पहिल्या महायुद्धाचा विषय निघाला. तेव्हाच्या विमानांत निराळंच रोटरी असे, अख्खं इंजिनच पंख्यासकट गरगरायचं आणि त्याला वंगण लागायचं एरंडेलाचं. ते सगळं वैमानिकाच्या तोंडावर उडे, आणि एरंडेल आपलं जुनं काम विसरत नाही. मला लहानपणीची ती चमच्याची सकाळ आठवली. शीख वैमानिक हरदितसिंग मलिक फेट्यावर खास टोपी चढवून असल्याच सॉपविथ कॅमल विमानातून लढले, हे सर सांगत होते तेव्हा बाहेर हुजूर साहिबचा कळस दिसायला लागला होता.

ट्रकांच्या गॅरेजमध्ये मिस्त्री हात पुसत आला. काऊंटरवर एक जुना टर्बो पडला होता. त्याचं चक्र सरांनी बोटाने हलकेच फिरवलं, दांडा वरखाली करून पाहिला.

‘प्ले नाही त्यात,’ मिस्त्री म्हणाला. ‘कशाला लावायचाय?’

‘विमानाला.’

मिस्त्रीने एकदा सरांकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. ‘पेट्रोल का डिझेल?’

‘पेट्रोल. रोटरी.’

‘मग हा घेऊ नका साहेब. हा डिझेलचा आहे. पेट्रोलचा जाळ याला सोसायचा नाही.’ आणि त्याने टर्बो उचलून मागच्या फळीवर ठेवून दिला.