सावली मुक्ताईनगरवरून जाते

मुक्ताईनगरला माणसं मुक्ताईच्या दर्शनाला येतात, नाहीतर केळीच्या व्यवहाराला. मी आणि माझा मित्र तिसऱ्याच कामाला निघालो होतो. एक तारा मध्यरात्रीनंतर तीनेक सेकंद गायब होणार होता, तो गायब झालेला पाहायला. भुसावळला काळी-पिवळीत हे सांगितल्यावर शेजारच्या काकांनी आपली पिशवी हळूच पलीकडच्या मांडीवर घेतली.

प्रकरण असं, की फिरता फिरता एखादा लघुग्रह ताऱ्याच्या आड येतो; याला पिधान म्हणतात. तारा इतका लांब, की पृथ्वीवर पडणारी सावली लघुग्रहाएवढीच रुंद असते आणि सेकंदाला कित्येक किलोमीटर पळते. त्या पट्ट्यात ठिकठिकाणी बसलेल्यांनी तारा कधी विझला, कधी पेटला हे जीपीएसच्या वेळेशी जुळवून टिपलं, की प्रत्येकाच्या वाट्याला लघुग्रहाची एकेक फाक येते. फाका जोडल्या की त्याचा आकार कळतो. गाया उपग्रहाने ताऱ्यांच्या जागा काटेकोर मोजल्यापासून ही भाकितं बरीच नेमकी झाली आहेत. आमच्या सावलीने जळगावच्या गच्च्या टाळून मुक्ताईनगर निवडलं होतं. तिची वेळ सेकंदावर ठरलेली. काळी-पिवळी मात्र मागची सीट भरेपर्यंत हलेना.

प्लुटोपलीकडच्या अ‍ॅरोकॉथ या पिंडाची सावली टिपायला जुलै २०१७ मध्ये अर्जेंटिनात २४ दुर्बिणी मांडल्या होत्या. तिथल्या लोकांनी हमरस्ता बंद ठेवला, रस्त्यावरचे दिवे मालवले, वारा अडवायला ट्रक आडवे लावले. त्यातल्या पाच दुर्बिणींना सावली सापडली. आम्हाला केळीच्या बागेचा बांध मिळाला. वारा बाग अडवत होती, आणि अंधार करायला कुणाला विनवावं लागलं नाही, वीजच नव्हती. पण त्या आठवड्यात शेतीच्या विजेची पाळी रात्रीची. ती आली, मोटर घरघरली, खांबावरचा शंभराचा बल्ब भक्कन पेटला आणि बागेचे मालक पाणी द्यायला हजर झाले.

"काय करू राह्यले भाऊ रातचे?" बॅटरी थेट दुर्बिणीच्या तोंडात.

मित्र त्यांना पिधान समजावू लागला. तोवर तिपाई, लॅपटॉप आणि वायरी पाहून त्यांनी निष्कर्ष काढलेला होता. "हायवेची मोजणी दिसते. मंग भाव काय देऊ राह्यले?"

शेजारच्या बांधावरून आणखी दोघं आले, त्यांच्या मागे एक माळकरी बाबा. गट नंबर सांगून झाले. एक फायदा झाला: सरकारी काम म्हटल्यावर बल्ब विनातक्रार मालवला गेला.

ठरलेली वेळ आली. सगळ्यांनी श्वास धरला. तारा जराही हलला नाही, विझला नाही. सावली बाजूने निघून गेली होती. मित्र खुशीत! लघुग्रह इथवर पोचत नाही, हेही शास्त्राला हवंच असतं. त्यावरून त्याची कड ठरते.

"मंग कागदावर काय लिहिलं?" बाबांनी विचारलं.

"काहीच घडलं नाही बाबा. कोरंच पाठवायचं."

बाबा खूश झाले. "चांगदेवानंबी ज्ञानोबाले कोरंच पत्र धाडलं होतं. त्याचं देऊळ हाये ना इथं, तापी-पूर्णेच्या संगमावर. चौदाशे वर्षं जगून कोराच राह्यला, म्हणे मुक्ताई. तुम्ही तं अजून जवान आहेत."

बागेचे मालक मात्र गंभीर झाले होते.

"ते सारं खरं बाबा. पण कोरंच पाठवलं तं आमचा भाव कसा लागीन?"