अर्धवट होडीचे उद्यापन

सोळा सोमवारांच्या व्रताला सतरावा सोमवार असतो; त्या दिवशी उद्यापन केलं की माणूस मोकळा. मार्गशीर्षातल्या गुरुवारांनाही शेवटचा गुरुवार असतो. जुनी लाकडी होडी दुरुस्त करून पुन्हा पाण्यात घालण्याचं व्रत मात्र वेगळं. ते पूर्ण करणाऱ्याचा पेपरात फोटो येतो. मध्येच सोडणाऱ्याला ते सोडायचं कसं, हे सांगणारी पोथी कुणी लिहिलेली नाही. ती उणीव दूर करण्यासाठी हे मार्गदर्शन. प्रस्तुत लेखकाने हे व्रत वाघोटण खाडीच्या काठी, आजोळच्या अंगणात, नऊ वर्षं केलं. या काळात होडीला जे पाणी लागलं, ते फक्त पावसाचं.

अधिकार कोणाला?

उद्यापनाला बसण्याआधी साधक पात्र आहे का, हे तपासावं. पुढील तीनही लक्षणं जुळली पाहिजेत.

एक, होडी फुकट मिळालेली असावी. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचा माणूस हिशेब ठेवतो, फुकट मिळालेलीवर जीव लावतो. आमची होडी मामांची. त्यांनी ती देताना इतकी घाई का केली, याचा विचार आम्ही चौथ्या वर्षी केला.

दोन, ‘पावसाआधी’ हा शब्द साधकाच्या तोंडी बसलेला असावा. आमच्या वाडीत एक म्हातारे तांडेल आहेत. आजोळ असल्याने आम्ही अख्ख्या वाडीचे भाचे. ते दर मे महिन्यात गडग्याशी थांबून विचारत, “भाच्या, व्हडी कदी उतरतली?” आम्ही म्हणत असू, “पावसाआधी.” सहाव्या वर्षी त्यांनी तितक्याच शांतपणे पुढचा प्रश्न विचारला: “खंयच्या?”

तीन, होडीत सजीव सृष्टी नांदत असावी. कोंबडी अंड्यावर बसलेली चालेल. भोपळ्याचा वेल चढून त्याला फळ धरलं असेल, तर अधिकार निर्विवाद.

साहित्य

खर्चाची वही. टॉर्च. पटाशी. एक नारळ. घरातली एक व्यक्ती, जी नऊ वर्षं काही बोलली नाही. आणि कुणाकडून तरी मागून आणलेलं, अजून परत न केलेलं एखादं हत्यार. ते घरात नक्की असतं, शोधावं. आमच्याकडे तांडेलांची वाकस निघाली. आजकालच्या वाचकांसाठी सांगतो, वाकस म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, कुदळीच्या धाकट्या बहिणीसारखं.

पहिली पायरी: ताडपत्री उचलणे

ही पायरी वाचायला सोपी आहे. बहुतेक साधक वर्षानुवर्षं ताडपत्रीची फक्त एक कड उचलून आत डोकावतात, ‘ठीक आहे’ म्हणतात आणि दगड पुन्हा जागेवर ठेवतात. आज पूर्ण उचलावी.

मग पटाशीचं टोक फळीत हलकेच दाबावं. चांगलं लाकूड पटाशीला अडवतं. पटाशी लोण्यात गेल्यासारखी आत गेली, तर ती तशीच ठेवून थोडा वेळ गडग्यावर बसावं.

हे का झालं, ते समजून घेणं साधकाला हितकारक आहे. लाकडी होडी पाण्यात असते तेव्हा तिच्या फळ्या फुगतात आणि सांधे आवळून मिटतात. ती उन्हात ठेवली की फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. म्हणजे आपण अंगणात बसून दर मे महिन्यात ज्या फटीत कापूस आणि राळ ठासत होतो, ती फट दर मे महिन्यात अंगणच तयार करत होतं. दुसरं, खाऱ्या पाण्याने लाकूड टिकतं, गोड्या पाण्याने कुजतं. त्यामुळे होडी बाहेर काढली की आमच्याकडचे मच्छीमार तिला माशाचं किंवा काजूच्या टरफलांचं तेल पाजत आणि वर माडाच्या झावळ्यांची झापं घालत. झापातून पाऊस आत येत नाही, वारा मात्र फिरतो. आम्ही शहरातून खास निळी प्लास्टिकची ताडपत्री नेली. तिच्या आत नऊ पावसाळ्यांची वाफ कोंडली. बुरशीला याहून चांगली खोली भाड्याने मिळाली नसती.

समुद्रात लाकूड पोखरणाऱ्या किड्याला मात्र दोष देऊ नये. एक तर आमच्या होडीपर्यंत पोचायला त्याला अंगण ओलांडावं लागलं असतं. दुसरं म्हणजे तो किडा नाहीच. तो शिंपल्यातला जीव आहे, तिसऱ्यांच्याच घराण्यातला. ज्या कुळाचं सुकं आपण भाकरीबरोबर खातो, त्या कुळाने आपल्या होड्या खाल्ल्या, तर फिटंफाट समजावी.

दुसरी पायरी: वही

वही उघडावी आणि मोठ्याने वाचावी. नमुन्यादाखल आमची:

होडी: ० रुपये. ती खाडीवरून अंगणात आणणारे आठ गडी, चहा आणि भजी: ४,२००. लाकूड आणि मरीन प्लायवूड: ४६,०००. इपॉक्सी, राळ, खिळे: ३१,५००. मिस्त्रींची मजुरी: ३८,०००. ताडपत्र्या, एकूण सात: ९,८००. रेल्वे आणि एसटीचं भाडं: ५२,०००. एकूण १,८१,५००.

या रकमेला नऊ वर्षांच्या रविवारांनी भागावं. दर रविवारी सुमारे ३८८ रुपये येतात. हा आकडा ऐकल्यावर घरातली ती न बोलणारी व्यक्ती पहिल्यांदा बोलली. म्हणाली, “म्हणजे दर रविवारी बांगडे झाले असते. कधी कधी सुरमईसुद्धा.”

इथे साधकाच्या मनात हमखास येणारा विचार: ‘इतका खर्च झालाच आहे, तर आणखी थोडा करून संपवू.’ हिशेबनीस अशा पैशाला बुडीत खर्च म्हणतात. होडी बुडायला निदान पाणी लागतं. हा पैसा कोरड्या अंगणात बुडालेला आहे. त्याला वर काढायला आणखी पैसे खाली सोडू नयेत.

तिसरी पायरी: पथ्य

उद्यापनाच्या आधीचे पंधरा दिवस साधकाने पुढील गोष्टी वाचू नयेत, ऐकू नयेत, कुणी सांगू लागल्यास उठून जावं.

त्रिंकोमालीची गोष्ट. ही युद्धनौका वाडियांनी मुंबईच्या गोदीत सागवानात बांधली आणि १८१७ साली पाण्यात सोडली. इंग्लंडात हार्टलपूलला दहाहून अधिक वर्षं खपून तिची दुरुस्ती झाली, २००१ साली ती पूर्ण झाली आणि नौका आजही तरंगते आहे. प्रत्येक होडीव्रती ही गोष्ट सांगतो. सांगताना तीन बारीक मुद्दे गाळतो: त्यांच्याकडे कारागीर होते, त्यासाठीच जमवलेला निधी होता आणि लाकूड साग होतं. आमच्या फळ्या आंब्याच्या.

कौंडिण्याची गोष्ट. अजिंठ्यातल्या चित्राचा आधार घेऊन, खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून बांधलेलं हे शिडाचं जहाज नौदलाने २०२५ साली कारवारला आपल्या ताफ्यात घेतलं. ही बातमी आमच्या मेव्हण्याने आम्हाला तीनदा पाठवली. तिसऱ्यांदा त्याने खाली लिहिलं, ‘बघा, खिळेसुद्धा लागत नाहीत.’

विजयदुर्गाजवळची गोदी. मराठा आरमाराची जहाजं दुरुस्त करण्यासाठी खाडीकाठचा कातळ खोदून ती केलेली आहे. आम्ही ती पाहुण्यांना दाखवायला नेत असू आणि परतताना अंगणातल्या होडीकडे हात करत ‘हीच परंपरा’ म्हणत असू. त्या गोदीतली जहाजं दुरुस्त होऊन परत पाण्यात जात, या तपशिलाकडे कुणा पाहुण्याने आमचं लक्ष वेधलं नाही. कोकणात पाहुणेही सभ्य येतात.

चौथी पायरी: गाऱ्हाणे

होडी सोडतो आहोत, हे चार माणसांत बोलल्याशिवाय सुटत नाही. मनातल्या मनात सोडलेली होडी पुढच्या मेमध्ये परत येते. म्हणून नारळ ठेवून गाऱ्हाणं घालावं. पुढील नमुना वापरता येईल. ‘होय म्हाराजा’ म्हणायला शेजारी बोलवावेत, त्यांनी नऊ वर्षं वाट पाहिलेली असते.

“बा देवा म्हाराजा!” “होय म्हाराजा!”

“आज तुझ्या ह्या लेकरान नऊ वर्सां एक व्हडी दारात सुकत घातली हा, म्हाराजा.” “होय म्हाराजा!”

“ती पाण्यात जावची नाय, ह्या आता तेका कळला हा, म्हाराजा.” “होय म्हाराजा!” (हा होकार बाकीच्यांपेक्षा मोठ्याने येतो. मनाला लावून घेऊ नये.)

“तेच्या मनात काय किंतू ऱ्हवलो असात तर तो दूर कर, आनी ताडपत्रेखाली किरडू असात तर तेका तेच्या वाटेन लाव, म्हाराजा.” “होय म्हाराजा!”

पाचवी पायरी: विसर्जनाचे प्रकार

दान. एखादा तरुण उत्साही मुलगा येतो, होडीवरून हात फिरवतो आणि म्हणतो, “थोडंसंच काम राहिलंय.” त्याला चहा द्यावा, होडी देऊ नये. मामांनी आपल्यावर केलेला प्रयोग पुढच्या पिढीवर करू नये.

विक्री. किनाऱ्यावरच्या रिसॉर्टवाल्यांना जुन्या होड्या लागतात. ते होडी मधोमध कापून अर्धी उभी करतात, आत फळ्या ठोकून शेल्फ करतात. उरलेल्या अर्धीत पर्यटक फोटो काढतात. ज्याचं काळीज घट्ट आहे त्याने हा मार्ग घ्यावा. पैसे चांगले मिळतात आणि होडी शेवटी ‘पूर्ण’ होते.

जलसमाधी. अजिबात नको. रात्री भरतीला ढकलून देण्याचा मोह होतो, पण बुडालेल्या होडीचे खिळे दुसऱ्याचं जाळं फाडतात. आपलं अर्धवट काम दुसऱ्याच्या पोटावर येता कामा नये.

अग्नी. तेल प्यायलेल्या फळ्या न्हाणीच्या चुलीत धडधडून पेटतात. रंग आणि इपॉक्सी लागलेल्या फळ्या मात्र चुलीत घालू नयेत, धूर बाधतो. आमच्या बाबतीत उत्तम लाकडाला आम्ही इपॉक्सी लावलं होतं, त्यामुळे जळण्यालायक तेवढंच उरलं होतं, जे आम्ही दुरुस्त केलं नव्हतं.

सहावी पायरी: नाव राखणे

काहीतरी राहावं, असं वाटणं स्वाभाविक आहे. यासाठी नौदलाचा दाखला घ्यावा. १९७१च्या युद्धात कामगिरी केलेली विमानवाहू विक्रांत १९९७ साली निवृत्त झाली. मुंबईत तिचं संग्रहालय झालं, जतनाच्या योजना झाल्या, आणि अखेर २०१४ साली ती भंगारात निघून मुंबईतच तोडली गेली. तिच्या पोलादातलं काही एका मोटरसायकलीत गेलं. एवढ्या मोठ्या नौकेचं असं होऊ शकतं, तर अठरा फुटी होडीने फार मानापमान धरू नये. पण पुढे २०२२ साली नवी विमानवाहू नौका ताफ्यात आली, तेव्हा तिला विक्रांत हेच नाव दिलं. मराठीत तर ही सोय भाषेनेच करून ठेवली आहे: एक नाव गेली तरी दुसरं नाव ठेवता येतं. आमच्या होडीच्या नाळेवर मामांनी रंगवलेलं नाव आता आमच्या स्कूटरवर आहे. स्कूटर चालू आहे.

फलश्रुती

होडी मोडायला दोन गडी आणि दीड दिवस लागला. तांडेल दोन्ही दिवस गडग्यावर बसून होते. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्यांना विचारलं, तुमच्या होडीचं काय केलंत? त्यांनी तीस वर्षं तिच्यावर पोट भरलेलं. मुलाने फायबरची होडी घेतली, त्या वर्षी त्यांनी जुनी एका दिवसात खोलली होती. चांगले खिळे विकले, एक फळी गोठ्याच्या दाराला लावली, बाकीची न्हाणीच्या चुलीत गेली. नारळी पुनवेला नारळ ते पूर्वीसारखाच दर्याला देतात. गोठ्याच्या दाराला कधी दिला नाही. जिच्यावर त्यांचा संसार चालला, ती त्यांनी एका दिवसात सोडली. जिच्यातून आम्ही कधी बांगडाही पकडला नाही, ती आम्ही नऊ वर्षं धरून ठेवली होती.

तेव्हा शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा विधी. मागून आणलेलं हत्यार परत करावं. तांडेलांनी वाकस नऊ वर्षांत एकदाही मागितली नाही. ती मागणं म्हणजे होडी संपली असं भाच्याच्या तोंडावर सांगणं, हे त्यांना कळत होतं. परत करायला उशीर झाला याची सबब सांगत बसू नये. आणि देताना धार लावून द्यावी.