भाऊंच्या गाडीचा घसा

हिंगण्याच्या भाऊंनी गाडीतून इंजिन काढलं आणि इंजिनाचा आवाज तेवढा परत बसवून घेतला.

गाडी जुनी, दोन दारांची, लालभडक, आत बसलं की गुडघे हनुवटीला टेकतील अशी. असा एक भाऊ आणि अशी एक गाडी दर तालुक्याला असतेच, त्यामुळे जास्त ओळख नको. वर्षभर ती ताडपत्रीखाली असायची, दसऱ्याला झेंडूचा हार घालून निघायची आणि टी-पॉइंटवर हमखास बंद पडायची. मग चार पोरं धक्का मारायची, भाऊ स्टेअरिंगवर बसून आकाशाकडे पाहायचे आणि स्पोर्ट्स कार पाच किलोमीटरच्या वेगाने घरी यायची. यंदा भाऊंना पर्यावरणाचा पुळका आला. इंजिन उतरलं, त्या जागी मोटर आली, डिकीत बॅटरी बसली. गाडी जन्मात पहिल्यांदा न थांबता टी-पॉइंट ओलांडून गेली.

आणि कोणी पाहिलंच नाही.

हा घाव फार खोल होता. पूर्वी निदान बंद पडली की लोक जमायचे! आता भाऊ आले काय आणि गेले काय, पानठेल्यावरचा माणूस चुना मळत राहिला. तेव्हा भाऊंनी स्पीकर आणले. एक पुढच्या बंपरमागे, दुसरा जिथे सायलेन्सर होता तिथे. मोबाइलमध्ये अ‍ॅप, त्यात आवाजांची यादी: व्ही-8, व्ही-12, इटालियन, रेसिंग. मूळ गाडीला चार सिलिंडर होते आणि त्यातले चालायचे तीन. आता बारा आहेत, बाराही ठणठणीत, बाराही मोबाइलमध्ये.

अडचण एकच. आवाज ब्लूटूथने जातो आणि पाय दाबल्यावर किंचित मागून येतो. गाडी चौक सोडते तेव्हा डरकाळी चौकात पोचते. मेकॅनिकला बोलावणं गेलं.

"काऊन बे, आवाज येऊन राहिला का नाही?"

"येऊन राहिला ना भाऊ. पण गाडी तं पुढे गेली."

दुसरी अडचण घरची. फोन आला की अ‍ॅप थांबतं आणि फोन स्पीकरवर जातो. परवा भर बाजारात बारा सिलिंडर एकदम गप्प झाले आणि बंपरमधून वहिनींचा आवाज आला, "अहो, येतानी सांबार आणजा, दहाचा." अख्ख्या बाजाराने भाऊंना सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, गाडीपर्यंत वाट करून दिली. व्ही-12 ला इतका मान कधी मिळाला नव्हता.

विजेच्या मोटरला चाक जागचं हलायच्या आधीच पूर्ण जोर लावता येतो. क्लच नको, गिअर नको. जुनी गाडी बदलणारे कारागीर बऱ्याचदा मूळ गिअरबॉक्स तशीच ठेवतात, मोटर आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक जाड प्लेट घडवून बसवतात आणि मालकाला सांगतात, तिसऱ्यात टाका आणि विसरून जा. भाऊ विसरायला तयार नाहीत. ते पहिला टाकतात, दुसरा टाकतात, मध्ये क्लचवर पाय मारतात, कारण गिअर बदलल्याशिवाय स्पीकरला 'घुर्र' म्हणायला सवड मिळत नाही. या सगळ्या गदारोळात गाडीचा खरा म्हणावा असा एक आवाज उरला आहे, तो ब्रेकच्या पंपाचा. पेट्रोल इंजिन हवा ओढताना जी पोकळी तयार करतं, तिच्या जोरावर ब्रेक हलका लागायचा. इंजिन गेलं, पोकळीही गेली. म्हणून विजेवर चालणारा छोटा पंप बसवावा लागतो आणि ब्रेक दाबला की तो बिचारा कुरकुरतो. भाऊंनी त्याला रबराच्या गाद्या लावून गप्प केलं. खोट्या आवाजात खरा मिसळला की क्वालिटी बिघडते म्हणे.

भाऊंना एकट्याला हसून उपयोग नाही, जगभर हेच चाललं आहे. 2023 मध्ये आलेल्या आयोनिक 5 एन या विजेच्या गाडीत आठ गिअरचं सोंग आहे. गिअर नाहीत, पण बदलताना बसणारा झटका आहे आणि आवाजही आहे. अमेरिकेत चार्जर डेटोना नावाच्या विजेच्या गाडीला मागच्या बाजूला एक्झॉस्ट आहे. होय, धूर नसलेल्या गाडीला एक्झॉस्ट! त्यात आवाज घुमवायला पोकळ्या केल्या आहेत आणि तो 126 डेसिबलपर्यंत जाईल, असं अभिमानाने सांगितलं गेलं. आपल्याकडे गोव्यात तयार होणारी फायबरच्या अंगाची, दोन सीटची 'स्टॉर्म' होती. तिचं इंजिन जेमतेम 1.2 लिटरचं, ताकद 60 अश्वशक्ती. तिच्या आवाजाला घाबरून कोणी रस्ता सोडला असेल असं वाटत नाही, तरी ती सुंदर दिसायची. आणि मोटारीने ताशी 100 किलोमीटरचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला तो 1899 साली पॅरिसजवळ, तोही विजेवरच्या गाडीने. तिला कोणी भोंगा लावल्याची नोंद नाही. सोंग आपल्यालाही नवं नाही: तान्ह्या पोळ्यात पोरं लाकडी बैलाच्या गळ्यात खरी घुंगरं बांधतात, पण बैल लाकडाचा आहे हे त्या पोरांना ठाऊक असतं.

विजेच्या गाडीला आवाज असावा याला एक शहाणं कारणही आहे. ज्याला दिसत नाही त्याला गाडी आल्याचं कळावं, म्हणून युरोपात 2019 पासून नव्या मॉडेलांना ताशी 20 किलोमीटरपर्यंत आवाज सक्तीचा केला, विसाच्या वेगाला कमीत कमी 56 डेसिबलचा. छप्पन! म्हणजे दोन माणसं नीट बोलतात तेवढा. भाऊंना हे सांगून पाहिलं. ते म्हणाले, "छप्पनमध्ये काय होते? पानठेल्यावर तं ऐकूच येत नाही."

आता आवाजाचे आकडे काढलेच आहेत तर सगळेच काढू. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, शाळा-दवाखान्याजवळच्या शांतता क्षेत्रात दिवसा 50, आणि जिथे हातोडे, प्रेस, ग्राइंडर चालतात त्या औद्योगिक भागातसुद्धा दिवसा 75 ही मर्यादा. डेसिबलचा हिशेब सरळ नसतो, दर दहाला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. त्या अमेरिकी एक्झॉस्टचा 126 आणि एमआयडीसीचा 75 एकमेकांसमोर ठेवले तर फरक सव्वा लाख पटीचा निघतो. आणि विजेवर चालते म्हणून आपल्याकडे अशा गाडीला हिरवी नंबरप्लेट मिळते! फटाके फोडणाऱ्या बुलेटचा सायलेन्सर रोलरखाली चिरडला जातो, पेपरात फोटो येतो, लोक टाळ्या वाजवतात, आणि ते बरोबरच आहे. पण तो पोरगा फटाके फोडत होता तेव्हा निदान स्वतःचंच पेट्रोल जाळत होता. भाऊंच्या गाडीला सायलेन्सरच नाही, मग रोलर फिरवायचा कशावर? कलम शोधणारा शोधत बसेल तोवर भाऊ स्पीकर बंद करून सज्जन माणसासारखे काच खाली करतात. आणि भाऊ डरकाळ्या फोडत जातात त्याच हिंगणा रोडवर रोज पहाटे माणसं सायकलच्या हँडलला डबा लटकवून पाळीवर जातात. वीस-वीस, तीस-तीस वर्षं जातात. धूर नाही, आवाज नाही, बॅटरी नाही, हिरवी प्लेट नाही. त्यांच्यासाठी रस्त्याच्या कडेला हातभर पट्टा आखायचं कोणाच्या मनात येत नाही. जी कडा होती तीही मुरूम, खड्डे आणि उभ्या ट्रकांनी गिळली. मागून ट्रक भोंगा मारतो तेव्हा ती माणसं सायकलसकट खाली उतरतात आणि आता मागून ट्रकऐवजी मोबाइलमधला इटालियन येतो, तेव्हाही उतरतात, कारण कानाला खरं-खोटं कळेपर्यंत थांबणं परवडत नाही. पर्यावरणाचं कोणाला काही द्यायचंच असेल तर आधी यांचं थकलेलं द्या.

असो. भाऊंची वीज येते ती बहुतेक कोळशाची. कोराडीच्या वीजकेंद्रात 660 मेगावॉटचे तीन संच कोळसा जाळतात आणि राखेचं काय करायचं हे कोराडीकरांना विचारावं. तरीही मोटर शहाणी असते. पेट्रोल इंजिन इंधनातल्या ऊर्जेचा साधारण पाव हिस्सा चाकांपर्यंत पोचवतं आणि बाकीची उष्णतेत घालवतं, तर मोटर मिळालेल्या विजेतलं फारसं वाया जाऊ देत नाही. वाचलेली वीज भाऊ अ‍ॅम्प्लिफायरला देतात.

एका गोष्टीचं मात्र त्यांना दुःख आहे. 2021 च्या केंद्रीय नियमांनी पन्नाशी गाठलेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळा नंबर देऊ केला, त्यात 'व्हीए' अशी अक्षरं येतात. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. भाऊ त्या पन्नाशीवर डोळा ठेवून होते. इंजिनच भंगारात गेल्यावर मूळ रूप कुठलं? "आवाज तं मूळच आहे ना," असं त्यांचं म्हणणं आहे. तेही खरं नाही. मूळ आवाज तीन सिलिंडरांचा होता.

सध्या वासाचं चाललं आहे. 2021 मध्ये परदेशात विजेच्या गाडीकडे वळलेल्यांना पेट्रोलची आठवण छळू नये म्हणून पेट्रोलची आठवण करून देणारं एक अत्तर निघालं होतं. ते विक्रीला नव्हतंच, नुसती हौस होती. भाऊंच्या कानावर हे आलं आणि ते तडक इतवारीच्या बाजारात गेले. अत्तरवाल्याने गुलाब दाखवला, मोगरा दाखवला, खस दाखवली. भाऊंनी बाटली हुंगून परत ठेवली आणि विचारलं, "यात थोडं जळकं ऑइल मिसळून द्याल का?"