एका रुपयाचं पीक, पंचवीस हजारांचा रंग

२०२३ च्या खरिपात आपल्या सरकारनं शेतकऱ्याला एका रुपयात पीक विमा दिला. दोन वर्षांत हा थाट सरकारलाच झेपेना आणि २०२५ पासून सोयाबीनचा हप्ता पुन्हा विमा रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत गेला. इकडं परभणीत एका शोरूममध्ये मोटारीच्या रंगाचं संरक्षण पंचवीस हजारांना विकतात. गाडी नऊ लाखांची, म्हणजे हप्ता पडला पावणेतीन टक्के. उघड्या आभाळाखालच्या सोयाबीनपेक्षा अंगणात पत्र्याखाली उभा असलेला रंग जास्त जोखमीचा, असा हा हिशोब. कृषी विद्यापीठानं यात लक्ष घालावं. कमी पाण्यात तग धरणारं रंगाचं एखादं वाण निघालं तर जिल्ह्याचं भलंच होईल.

आमचे दाजी अनुदानित शाळेत चित्रकलेचे शिक्षक. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्याचं सोयाबीन पाण्याखाली गेलं, पण दाजींचा पगार कोरडा राहिला. त्याच महिन्याच्या २२ तारखेपासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि दाजींनी दसऱ्याला गाडी काढायचं ठरवलं. सरकारनं वरून सोडलेला पैसा खाली जमिनीवर पडू नये, याची काळजी घ्यायला शोरूममध्ये एक तरुण इस्त्रीचा शर्ट घालून बसलेलाच होता.

"सर, सिरॅमिक कोटिंग. जर्मन टेक्नॉलॉजी," तो म्हणाला. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला जर्मनीचं नाव काढून काहीही विकता येतं. आपल्या पंगतीतला देश म्हटल्यावर संशय कसा घ्यायचा?

"नाइन एच आहे सर. हिऱ्याच्या खालोखाल."

"नाइन एच म्हणजे पेन्सिलचा नंबर ना?" दाजींनी विचारलं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला पोरं बसवण्यात हयात गेलेला माणूस, तो एचबी आणि नाइन एचला फसणार कसा?

"सर, ती पेन्सिल वेगळी."

ती पेन्सिल वेगळी नाही. रंगाच्या थरावर वेगवेगळ्या नंबरांच्या पेन्सिली ठरावीक दाबानं ओढायच्या आणि कोणत्या पेन्सिलीनं ओरखडा उठतो ते पाहायचं, अशी ती साधी चाचणी आहे. नाइन एच ही त्या डब्यातली सगळ्यात कडक पेन्सिल. हिऱ्याचा आणि तिचा काही संबंध नाही. तेव्हा कोणी आपल्या बॉनेटवर पेन्सिलीनं शेवंतीचं फूल काढायला आलं, तर दाजींची गाडी सुरक्षित आहे. बाभळीची फांदी मात्र नंबर छापून येत नाही.

खरा प्रश्न सोबत आलेल्या आमच्या अक्कानं विचारला. "कामून ओ, कंपनीतून रंग कच्चा येतोय का?"

"नाही नाही मॅडम, चार थर असतात. गंजरोधक, प्रायमर, रंग आणि वरून क्लिअर कोट. सगळं भट्टीत भाजून पक्कं केलेलं."

"मग पाचवा तुम्ही कामून लावायलाव?"

तरुणानं पाणी मागवलं.

अक्काला जे कळलं ते एवढंच, की कारखान्यात हे चारही थर मिळून साधारण शंभर मायक्रॉन भरतात आणि सिरॅमिकचा थर असतो एक-दोन मायक्रॉनचा. तो अगदीच थोतांड नाही. नीट लावला तर पाणी चटकन ओघळतं, चमक टिकते, धुणं सोपं जातं. पण नीट लावायचा तर आधी गाडी स्वच्छ धुवायची, रंगात रुतलेली घाण काढायची, बारीक ओरखडे पॉलिशनं घालवायचे, मग बंद जागेत थर देऊन तो वाळू द्यायचा. यात दिवस मोडतो. शोरूमच्या मागच्या अंगणात हे सगळं काम एक पोरगा, एक बाटली आणि एक फडकं मिळून चहा थंड व्हायच्या आत उरकतात. हेच कोटिंग शहरातल्या डिटेलिंगवाल्याकडं बरंच स्वस्तात होतं, पण तो गाडीला हार घालत नाही.

सिरॅमिकच्या आधी टेफ्लॉनचा जमाना होता. टेफ्लॉन वितळतं ३२७ अंशांच्या आसपास. तव्याला बसवायचं तर त्याहून कडक भट्टीत भाजावं लागतं. गाडीवर ते फडक्यानं पुसून चिकटवत. परभणीचा मे महिना कितीही बदनाम असला तरी ३२७ पर्यंत अजून गेलेला नाही. खालच्या बाजूचा गंजरोधक लेप तर समुद्राच्या खाऱ्या हवेचं भय घालून विकला जातो. समुद्र इथून चारेकशे किलोमीटरवर. गोदावरीला पूर आला तरी ती खारट होत नाही.

वॉरंटी कार्डाची मागची बाजू दाजींनी भिंग लावून वाचली. दगड उडून गेलेला टवका, झाडाचा चीक, पाखराची घाण वेळेत न पुसल्यास पडलेला डाग, बोअरच्या क्षारांचे पांढरे ठिपके, अपघात, घासाघाशी: यातलं काहीही धरलेलं नाही. शिवाय दर सहा महिन्यांनी पैसे भरून मेंटेनन्स करायचा. एक खेप चुकली की वॉरंटी संपली. एका रुपयाच्या पीक विम्यात नुकसान झाल्यावर ७२ तासांत कळवावं लागायचं, म्हणून आपण बोंबा मारायचो. इथं कळवायला मुदतच नाही, कारण कळवण्यासारखं काही कार्डात ठेवलेलंच नाही.

आणि परभणीत रंगाला मारतं तरी काय? गंगाखेडकडं उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन समोरून येतो तेव्हा आपल्याला बाजूच्या काट्यात उतरावं लागतं. काळ्या मातीचा चिखल वाळतो आणि दारावर सिमेंट होऊन बसतो. त्या सिमेंटवर घरचा कर्ता पुरुष सकाळी कोरडं फडकं दाबून फिरवतो, म्हणजे मातीच्या कणांनी स्वतःच्याच गाडीला पॉलिशपेपर मारतो. उडत्या दगडाला अडवणारी एकच चीज आहे, ती म्हणजे पेंट प्रोटेक्शनची (पीपीएफ) पारदर्शक फिल्म, दीडशे-दोनशे मायक्रॉन जाड. पण अख्ख्या गाडीला ती लावायची तर लाखाच्या घरात जातं, आणि मग गाडीपेक्षा फिल्मचीच काळजी वाटायला लागते. समोरच्या बंपरपुरती लावली तर चालेल. बाकी सावली, भरपूर पाणी, शाम्पू, मऊ मायक्रोफायबरचं कापड आणि काही महिन्यांनी थोडं मेण. पण हे सगळं किराणा दुकानाच्या यादीत बसतं, त्यावर कोणाचा विश्वास बसणार?

एवढं सगळं बोलून झाल्यावर दाजींनी कोटिंग घेतलं. कोटेशनमध्ये ते आधीच छापलेलं होतं आणि "हे काढलं तर डिलिव्हरी दसऱ्याला होईल का सांगता येत नाही," असं तो तरुण फार नम्रपणे म्हणाला. एका वस्तूसाठी दुसरी गळ्यात मारायला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं मनाई आहे, तक्रारीला १९१५ नंबर आहे, हे मी दाजींच्या कानात सांगितलं. दाजी म्हणाले, "पाव्हणं, मुहूर्त दुपारपर्यंतच आहे."

दसऱ्याला हिऱ्याच्या खालोखाल कडक असलेल्या त्या बॉनेटवर अक्कानं ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. ते धुतल्यावर फिकट गुलाबी उरलं. शोरूमला फोन केला, तर कुंकू कार्डात नव्हतं.

त्यानंतर कोटिंग खराब होऊ नये म्हणून दाजींनी कव्हर घेतलं, कव्हरला धूळ लागू नये म्हणून वर पत्रा टाकला, आणि शाळेत ते जुन्या मोटारसायकलवरच जातात. उन्हाळ्यात एकदा गेलो तर पत्रा बाजूला सारलेला, कव्हर काढलेलं, आणि गाडीच्या टपावर व बॉनेटवर अक्काच्या कुरडया ओळीनं वाळत घातलेल्या. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "काही म्हण भाऊ, पंचवीस हजार वाया नाही गेले. एक कुरडई चिकटली नाही."