तिसरं भोक: भाडेकरूंसाठी मार्गदर्शन

आधी भूगोल. हे मार्गदर्शन वर्धा जिल्ह्यातल्या सेलूसाठी आहे, परभणीकडच्या सेलूसाठी नाही. ऑनलाइन स्टॅबिलायझर मागवणाऱ्यांनी पत्ता लिहितानाही हे ध्यानात ठेवावं.

घर बघायला गेलेला माणूस नळ सोडून पाहतो, बोर्ड उघडून पाहत नाही. जुन्या घरात लाकडी पट्टीवरून गेलेली वायर दरवर्षीच्या चुन्याखाली भिंतीच्याच रंगाची झालेली असते. अशा वेळी घर ऐतिहासिक आहे असं समजावं. भाडं मात्र चालू काळातलं असतं.

मग मेन बंद करून चिनीमातीचा किटकॅट उपसावा. आत केसासारखी बारीक फ्यूज वायर हवी. आमच्याकडे मोटरपंपाच्या केबलचे तीन पदर पिळून घातले होते. घरमालक काकांना त्याचा अभिमान: "बारा वर्सं झाले जी, एकदाबी फ्यूज गेला नाही." जाईल कसा? आग लागलीच तर घर जळेल, आणि राखेतून तो किटकॅट तेवढा सहीसलामत निघेल.

आता व्होल्टेज. कागदावर २३०. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, गावातले सगळे कूलर एकदम सुरू होतात आणि आपला फ्रिज दम लागल्यासारखा घरघरू लागतो. रात्री अडीचला मात्र पंखा विमानाच्या जिद्दीने फिरतो. त्यासाठी स्टॅबिलायझर. लाईन परत आल्यावर त्याने तीनेक मिनिटं थांबूनच फ्रिजला वीज द्यावी, म्हणजे कॉम्प्रेसरमधल्या गॅसचा दाब उतरायला सवड मिळते. तेवढी ऐपत नसेल तर घरातल्या एकाला कामाला लावावं: बाकीचे "लाईन आली!" म्हणून ओरडतात तेव्हा त्याने धावत जाऊन फ्रिजचं बटण बंद करायचं. आणि शेजाऱ्याचा बल्ब मिणमिणत असताना आपला अचानक लख्ख पेटला, तर खूश न होता आधी मेन पाडावा. बहुधा कुठे तरी न्यूट्रल तुटलेला असतो. तशा वेळी २३० चे ४०० च्या जवळपास जायला वेळ लागत नाही.

मग स्पाइक गार्ड. या नावाने मिळणाऱ्या पुष्कळ वस्तू म्हणजे लाल दिवा लावलेला साधा एक्स्टेन्शन बोर्ड. खरा स्पाइक गार्ड आला तरी जादा दाबाचा मोठा वाटा त्याला जमिनीत सोडायचा असतो, आणि इथे आपण आपल्या मुख्य विषयाशी येतो: सॉकेटचं तिसरं, सगळ्यांत मोठं भोक.

मी गावातल्या वायरमनला बोलावलं. त्याने होल्डरला बल्ब लावलेला टेस्ट लॅम्प काढला. फेज आणि न्यूट्रलमध्ये धरला तर बल्ब लख्ख. फेज आणि तिसऱ्या भोकात धरला तर मेल्यासारखा. पण बोर्ड उघडला तर आत हिरवी वायर व्यवस्थित स्क्रूला आवळलेली. आम्ही तिच्या मागे निघालो. बोर्डातून पट्टीवर, पट्टीवरून दारावर, दारावरून पलीकडच्या खोलीत. तिथे ती एका खिळ्याला गुंडाळलेली होती. त्याच खिळ्यावर कॅलेंडर होतं.

हे हसण्यावारी न्यायचं नाही, कारण आपल्याकडे कूलर आहे. लोखंडी पेटी, आत टुल्लू पंप, खाली सांडलेलं पाणी आणि अनवाणी आपण. टेस्टर लावला तर पेटी चक्क दिवा दाखवते. तेव्हा पाणी भरण्याआधी प्लग उपसावा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण कधीकधी न्यूट्रलवर बसवलेलं असतं. शिवाय ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तितकाच परत येतो का, याचा तो हिशेब ठेवतो. उधारी दिसली की पडतो. अर्थिंग नसलं तरीही पडतो. मात्र जुन्या घरात तो पहिल्याच दिवशी चारदा पडेल आणि घरमालक म्हणतील, तुमचं यंत्र खराब आहे.

त्यांना अर्थिंगचं सांगायला गेलो.

"कायले पाह्यजे जी अर्थिंग? आमच्या बाबाच्या टायमापासून पंखे फिरून रायले."

"काका, कूलर करंट मारतो."

"मंग चप्पल घालत जा ना."

शेवटी खड्डा मी माझ्या खर्चाने खणला. आत कोळसा, मीठ आणि पाइप. आपली काळी माती ओली असली की गुणाची. पण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि कोरड्या मातीत करंट जिरत नाही. म्हणून मी रोज सकाळी आंघोळ करून तिथे एक तांब्या पाणी घालतो.

आठवडाभर शेजारच्या आजी कुंपणापलीकडून पाहत होत्या. मग विचारलं, "कोन्ता देव होय जी हा?" मी अर्थिंग समजावून सांगितलं, अगदी टेस्ट लॅम्पसकट. त्यांनी नीट ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पाइपाला हळदकुंकू लागलेलं होतं.

आता तो खड्डा बुजवायची घरमालकांचीही छाती होणार नाही.